मुंबईची ट्रॉलीबस, नाशिकची निओ

मुंबईत ट्रॉलीबस ११ जून १९६२ रोजी सुरू झाली आणि २४ मार्च १९७१ रोजी बंद झाली. मार्ग एकच, गोवालिया टँक ते माझगाव. गाड्या बारा. बेस्टने हा मार्ग निवडण्यामागचे कारण साधे होते. गोवालिया टँकची ट्राम फार जुनी झाली होती आणि तिच्या मार्गाची दुरवस्था झाली होती. ती काढून त्या जागी बस सोडली, तर बस खर्चिक पडू लागली. तेव्हा विजेवर चालणारी, पण रुळांची गरज नसलेली ही गाडी आली. तिच्या पावणेनऊ वर्षांबद्दल मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे. ट्रामवर प्रेमाने लिहिणारे पुष्कळ निघाले. ट्रॉलीबस उरली ती मुख्यतः त्या काळात, त्या भागात लहान असलेल्यांच्या आठवणीत. ही मुले आता साठीच्या पुढे आणि सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहेत.

नाशिकमध्ये या आठवणींना वेगळेच वजन आले आहे. या शहरासाठी आखलेली ‘मेट्रो निओ’ नावाने मेट्रो असली, तरी रचनेने ट्रॉलीबसच आहे: रबरी टायर, डोक्यावर विजेच्या तारा आणि त्यांतून वीज घेणारी जोडबस. त्यामुळे एरवी केवळ स्मरणरंजनात जमा झाला असता असा विषय येथे नियोजनाच्या प्रश्नाला जाऊन भिडतो. ज्यांनी लहानपणी अशा गाडीतून प्रवास केला, त्यांच्या आठवणीला पुरावा मानायचे की नाही, आणि मानायचे तर कशाचा?

पुढील संवादात याच्या दोन बाजू आहेत. मामांचा जन्म १९५७चा, बालपण माझगावचे. सातपूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ते नाशिककर झाले. भाची वाहतूक नियोजनात काम करते. दोघेही गंगापूर रोडवर, जेहान सर्कलच्या आसपास राहतात, म्हणजे नियोजित मार्ग ज्या रस्त्यावरून जायचा आहे त्याच रस्त्यावर.

आठवणीत काय काय उरते, हे आधी पाहणे योग्य.

मामा : आम्हा पोरांना आधी गाडी दिसायची नाही, तार दिसायची. स्टॉपवर उभं राहून वर बघायचं. तार थरथरायला लागली की समजायचं, आली. मग वळणावरून गाडी यायची, पण आवाज नाही. नुसता टायरचा सरसर आवाज आणि वर तारेला दांडे घासल्याचा. डिझेलच्या बसमध्ये मला मळमळायचं, हिच्यात कधी नाही.

भाची : मळमळ नव्हती, हे मी मानते. त्याला कारण आहे. विजेच्या मोटरला गिअर बदलावे लागत नाहीत, त्यामुळे डिझेल बसला प्रत्येक गिअरला जो हिसका बसतो तो इथे बसत नाही. इंजिनाची थरथर नाही, धुराचा वास नाही. लहान मुलाच्या पोटाला हा फरक आधी कळतो.

मामा : आणि दांडा सुटला की मग काय मजा! एकदम ठिणगी पडायची, गाडी मेल्यासारखी थांबायची. दांडे वर हवेत उभे. कंडक्टर खाली उतरून मागे जायचा आणि दांडा धरून परत तारेवर बसवायचा. आम्ही मागच्या काचेला नाक लावून बघायचो. एका झटक्यात बसवला तर टाळ्या.

हे दांडे दोन का असतात, हे येथे सांगायला हवे. ट्रामला डोक्यावर एकच तार पुरते. वीज तारेतून येते, मोटर फिरवते आणि लोखंडी चाकांतून रुळात उतरून परत जाते. ट्रॉलीबसची चाके रबरी. तिच्यातून वीज जमिनीत उतरू शकत नाही, म्हणून परतीसाठी दुसरी तार आणि दुसरा दांडा लागतो. टपावरचे हे दोन लांब दांडे स्प्रिंगच्या जोराने तारांना खालून दाबून धरतात. त्यांच्या लांबीमुळे गाडी तारेच्या रेषेपासून साधारण चार मीटर बाजूला सरकू शकते. थांबलेली हातगाडी किंवा टांगा चुकवून पुढे जाऊ शकते. ट्रामला हे जमत नाही. मात्र चालकाने वळण वेगात घेतले, किंवा दोन मार्गांच्या तारा जिथे फुटतात त्या सांध्यावर दांडा चुकला, की तो तारेवरून निसटतो. पोरांना जी गंमत वाटत होती, ती मागे खोळंबलेल्या सगळ्या वाहनांची अडचण होती.

मामांच्या आठवणीत पावसाचाही एक भाग आहे. आईची ताकीद होती: पावसात एक पाय जमिनीवर आणि एक पाय पायरीवर ठेवून उभे राहायचे नाही, चढायचे तर पटकन चढायचे. मामांना वाटे की ही आईची नेहमीची भीती. भाचीने सांगितले की त्या भीतीला आधार आहे. रबरी टायरांमुळे गाडीचा सांगाडा जमिनीपासून तुटलेला असतो. कुठे विजेची गळती झाली तर ती सांगाड्यात साठून राहते, आणि ज्याचा एक पाय ओल्या जमिनीवर व हात गाडीच्या दांडीवर आहे त्याच्यातून वाट काढते. म्हणून ट्रॉलीबसच्या विद्युत भागांना दुहेरी आवरण द्यावे लागते, पायऱ्या आणि धरायच्या दांड्या अवाहक ठेवाव्या लागतात आणि गळतीची तपासणी नेमाने करावी लागते. मुंबईच्या पावसात हे काम हलके नाही. आईने गाडीच्या रचनेचा एक धडाच मुलाला शिकवला होता, असे म्हणायला हरकत नाही.

आठवण येथवर खरी उतरते. पण भाचीचा मुख्य आक्षेप यापुढचा आहे.

भाची : मामा, तुम्ही मागे सांगितलं होतं की ड्रायव्हर पायाने घंटा वाजवायचा, ठण ठण ठण.

मामा : वाजवायचाच. अजून कानात आहे.

भाची : ती ट्राम, मामा. पायाखालची घंटा ट्रामच्या ड्रायव्हरकडे असायची. ट्रॉलीबसला बससारखा हॉर्न.

मामा : (थोडे थांबून) ट्राम गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो.

भाची : तेच म्हणते. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला गेली. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं तुम्ही दोन्ही गाड्या पाहत होता. दोन्ही विजेच्या, दोघींच्या डोक्यावर तार. तुमच्या आठवणीत एकीची घंटा दुसरीला लागली.

या सरमिसळीला मानसशास्त्रात आधार आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या स्मरणविषयक अभ्यासात असे दाखवले की माणसे ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी साठवत नाहीत. ती पुन्हा सांगताना अनोळखी तपशील गाळतात, ओळखीचे घालतात आणि एकूण अर्थ जुळेल अशी गोष्ट नव्याने रचतात. त्यांच्या प्रयोगात लोकांना एक परकी लोककथा वाचायला दिली होती. पुनःपुन्हा सांगताना ती कथा सांगणाऱ्यांच्या आपल्या मुलखाची होत गेली. लहानपणीच्या आठवणी तर शेकडो वेळा सांगितलेल्या असतात. दर वेळी सांगताना त्या थोड्या घासल्या जातात, थोड्या सजतात.

मामांचे उत्तर असे की घंटा चुकली म्हणून मळमळ चुकत नाही. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले एकमेकांत मिसळेल; अंगाने अनुभवलेले मिसळायला दुसरे काहीतरी तसेच असावे लागते, आणि गुळगुळीत चालणारी दुसरी बस त्या वेळच्या मुंबईत नव्हतीच. हा युक्तिवाद दुबळा नाही. वाहतुकीच्या कागदांत प्रवासी मोजले जातात, अंतर मोजले जाते, उत्पन्न आणि खर्च मोजला जातो. प्रवास अंगाला कसा लागला, हे बहुतेक कुठेच लिहून ठेवलेले नसते. ते ज्यांना आठवते त्यांनाच विचारावे लागते, आणि लहान मुलाइतके बारकाईने ते कोणी टिपत नाही. मोठी माणसे बसमध्ये कामाच्या विचारात असतात. लहान मुलाचे सगळे लक्ष बसकडे असते.

पण मग ही गाडी बंद का झाली? येथे आठवण गप्प बसते. मामांना शेवटचा दिवस आठवत नाही. एके दिवशी तार होती, काही दिवसांनी नव्हती, एवढेच. १९७१ साली ते चौदाव्या वर्षात होते. त्या वयात गाडीपेक्षा क्रिकेटकडे लक्ष जास्त.

भाची : कारण कंटाळवाणं आहे म्हणून ते कोणाच्या आठवणीत राहत नाही. गाड्या वारंवार बिघडायच्या आणि परवडत नव्हत्या. बस!

मामा : बिघडत होत्या हे मी नाकारत नाही. पण बारा गाड्या आणि एक मार्ग! तेवढ्यावर कुठली गाडी परवडेल, ते सांग. तूच म्हणतेस ना, की लहान ताफा महाग पडतो?

या ठिकाणी मामांची बाजू वरचढ आहे, असे मान्य करावे लागते. ट्रॉलीबसचा खर्च दोन भागांत असतो. एक भाग गाडीबरोबर वाढतो: चालक, वाहक, टायर, वीज. दुसरा भाग एक गाडी असो वा शंभर, करावाच लागतो: खांब, तारा, प्रत्यावर्ती प्रवाहाचा साधारण ५५० ते ६०० व्होल्टचा एकदिश प्रवाह करणारी उपकेंद्रे, तार दुरुस्त करणारी शिडीची गाडी, तिच्यावरची तयार माणसे, आणि इतर कोणत्याही बसला न लागणाऱ्या सुट्या भागांचा साठा. हा दुसरा खर्च बारा गाड्यांवर वाटला की प्रत्येकीच्या वाट्याला फार येतो. ट्राम चालू होत्या तोवर मुंबईत तारांची माणसे आणि व्यवस्था होतीच. बेस्ट ही वीजही पुरवणारी आणि गाड्याही चालवणारी संस्था, त्यामुळे ट्रॉलीबस तिच्या हाताला सोपी असायला हवी होती. पण १९६४ मध्ये ट्राम गेल्या आणि डोक्यावर तार असलेली रस्त्यावरची गाडी एकच उरली. पुढची सात वर्षे ती एकटीच्या बळावर चालली. मुंबईत ट्रॉलीबस अपयशी ठरली, असे म्हणण्याऐवजी मुंबईत ट्रॉलीबसची नीट परीक्षाच झाली नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

काळही उलटा होता. जगातली पहिली विजेची बिनरुळी गाडी वेर्नर फॉन सीमेन्स यांनी २९ एप्रिल १८८२ रोजी बर्लिनजवळ हालेनझे येथे चालवून दाखवली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनच्या कित्येक शहरांनी जुन्या ट्राम काढून त्याच मार्गांवर ट्रॉलीबस घेतल्या. भारतात दिल्लीने १९३५ मध्ये ती आणली. मुंबईने ती घेतली तोवर मात्र लाट ओसरली होती. लंडनची अफाट ट्रॉलीबस सेवा ८ मे १९६२ रोजी संपली, म्हणजे मुंबईची सुरू होण्याच्या जेमतेम एक महिना आधी. ब्रिटनमधली शेवटची ट्रॉलीबस ब्रॅडफर्ड शहरात २६ मार्च १९७२ रोजी थांबली. तिथेच १९११ मध्ये ती सुरूही झाली होती. डिझेल स्वस्त होते आणि तारेवाचून चालणारी बस हवी त्या गल्लीत वळत होती. मुंबईने तारा उतरवल्या त्यानंतर अडीच वर्षांत, ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलाचे संकट आले आणि डिझेलच्या स्वस्ताईवर बेतलेली सगळी गणिते जगभर कोलमडली. तेव्हा झुरिक, सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटल या शहरांत ट्रॉलीबस टिकून होत्या, आणि त्या आजही चालतात. डोंगराळ चढांवर विजेची मोटर पहिल्या फिरकीपासून पूर्ण जोर देते, हा तिचा गुण त्या शहरांनी सोडला नाही.

भाचीने यावर काठमांडूचा दाखला दिला. चीनच्या मदतीने तिथे १९७५ मध्ये त्रिपुरेश्वर ते सूर्यविनायक हा सुमारे तेरा किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. वीज जलविद्युत, रस्ता चांगला, प्रवासी भरपूर. तरीही देखभालीला पैसा आणि व्यवस्थापनाला सातत्य मिळाले नाही. एकदा बंद पडून पुन्हा काही काळ चालू झालेली ती सेवा २००८ मध्ये कायमची थांबली. भाचीचा मुद्दा असा की ताफा लहान होता हे निम्मे कारण. तारेच्या गाडीला दररोज कोणीतरी जपावे लागते, आणि ते जपणे आठवणीत राहत नाही म्हणून जिव्हाळ्याने बोलणारे लोक ते हिशेबात धरत नाहीत. डेपोत रात्री दांड्यांचे कार्बन बदलणारा कामगार प्रवाशाला कधी दिसत नाही. तो दिसत नाही म्हणून तो नव्हता असे नाही. हा मुद्दा मामांनी मान्य केला. कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला देखभालीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

नाशिकला मात्र आठवणी नष्ट कशा होतात याचे स्वतःचे उदाहरण आहे, आणि या वादात ते कोणी फारसे काढत नाही. रेल्वे आली तेव्हा ती नाशिक गावातून न जाता आठ-नऊ किलोमीटर दूरून गेली. स्टेशन झाले नाशिकरोडला. मधला पट्टा ओसाड आणि झाडीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे अंतर जोडायला ट्राम टाकण्यात आली: अडीच फूट रुंदीचे रूळ, मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत. दोन डबे आणि ओढायला चार घोडे. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे त्याच अडीच फुटी मापाची बार्शी लाइट रेल्वे उभी केली. नाशिकची ट्राम चाळीसेक वर्षे चालली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तोट्यात जाऊन बंद पडली.

मामा : तिच्यात लहानपणी बसलेलं कोणी आता शहरात आहे का?

भाची : असलं तर नव्वदीच्या पुढचं.

मामा : मग झालं की! चाळीस वर्षं रोज स्टेशनवर माणसं आणली-नेली, आणि आज नाशिकच्या पोराला विचार, तुझ्या गावात ट्राम होती का? हसेल. घोडे कुठे बदलायचे, पावसाळ्यात रूळ बुडायचे का, यात्रेकरू सामान कुठे ठेवायचे, कोणाला सांगता येणार? आमच्या ट्रॉलीबसचं वीस वर्षांनी हेच होणार.

हे बोलणे भाचीला खोडता आले नाही, आणि खोडण्यासारखे त्यात काही नाही. मुंबई-नाशिक-पुण्याच्या जुन्या वाहतुकीबद्दल तारखा, तिकिटे, छायाचित्रे जपली गेली आहेत. प्रवाशांचे बोलणे फार कमी जपले गेले आहे. बोललेल्या आठवणींत ठण ठण घंटेसारख्या चुका असतील. त्या कागदाशी ताडून दुरुस्त करता येतात. जे कधी नोंदलेच नाही, ते कशाशीही ताडता येत नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याला येणाऱ्या लाखो माणसांना स्टेशनपासून रामकुंडापर्यंत कसे न्यायचे, हा प्रश्न नाशिकपुढे दर बारा वर्षांनी येतो. त्या जुन्या ट्रामने यात्रेची गर्दी कशी पेलली, हे सांगणारी दहा माणसांची साक्ष जरी कोणी लिहून ठेवली असती, तरी ती आज उपयोगी पडली असती.

आता नियोजित गाडीकडे. १ फेब्रुवारी २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये खर्चाच्या नाशिक मेट्रोसाठी केंद्राचा वाटा देण्याची घोषणा झाली. महामेट्रोने आखलेल्या योजनेत दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला गंगापूरहून सातपूर, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), सारडा सर्कल, द्वारका असा करत नाशिकरोडपर्यंत, सुमारे २२ किलोमीटर. दुसरा गंगापूरहून जेहान सर्कलच्या बाजूने सीबीएसला येऊन मुंबई नाक्यापर्यंत, सुमारे १० किलोमीटर. गाड्या १८ आणि २५ मीटर लांबीच्या, मधे जोड असलेल्या. मार्ग बहुतांश खांबांवरून, म्हणजे रस्त्याच्या वर. घोषणेनंतरच्या वर्षांत प्रत्यक्ष काम सुरू झाले नाही, आणि नेहमीची रुळांवरची मेट्रोच का करू नये, अशीही चर्चा होत राहिली.

मामा : मला सांग, खांबावर चढवायची तर ट्रॉलीबस कशाला? रस्त्यावरची गाडी ती. जिना चढून वर जायचं, मग गाडीत बसायचं. म्हातारं माणूस जाईल का? आम्ही लहानपणी फुटपाथवरून थेट आत पाय टाकायचो.

भाची : द्वारकेला सायंकाळी सहाला उभे राहून पाहा, मामा. तिथे रस्त्यावर पंचवीस मीटरची गाडी घातली तर ती हलणार नाही आणि इतरांनाही हलू देणार नाही. स्वतंत्र मार्ग नसेल तर विजेची गाडीही वाहतुकीत अडकते. तुमच्या माझगावच्या रस्त्यावर त्या वेळी मोटारी किती होत्या?

मामांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला, आणि तो तसाच घ्यायला हवा. बालपणीचा प्रवास सुखाचा वाटतो त्यात गाडीचा वाटा किती आणि मोकळ्या रस्त्याचा किती, हे आठवणीतून वेगळे काढता येत नाही. १९६०च्या दशकातल्या मुंबईची साधी डिझेल बसही आजच्या द्वारका चौकातल्या बसपेक्षा वेळेवर चालत असणार. उलट, भाचीच्या बाजूतही एक उणीव आहे. खांबांवरचा मार्ग वेगवान असतो, पण थांबे दूर दूर असतात आणि प्रत्येक थांब्याला जिना व उद्वाहन लागते. उद्वाहन बंद पडले की वृद्ध, गरोदर बाई आणि कडेवर मूल घेतलेली आई यांच्यासाठी तो थांबाच बंद. मेक्सिको सिटीने २०२२ मध्ये इस्तापालापा या दाट वस्तीच्या भागात खांबांवरून धावणारी ट्रॉलीबस सुरू केली. जागेअभावी केलेली ही सोय नाशिकच्या योजनेच्या सर्वांत जवळची आहे, आणि नियोजनकारांनी तिथले जिने, तिथली उद्वाहने आणि तिथला चढ-उताराला लागणारा वेळ आपल्या डोळ्यांनी पाहून यायला हवा.

आणखी एक प्रश्न बॅटरीचा. नाशिकची शहर बससेवा पूर्वी एसटी चालवत असे. ८ जुलै २०२१ पासून ती महापालिकेच्या सिटीलिंककडे आली. बॅटरीवरच्या बस आता महाराष्ट्राच्या शहरांत नवलाच्या राहिलेल्या नाहीत. मुंबईत फेब्रुवारी २०२३ मध्ये बॅटरीवरची दुमजली बसही आली. मग तार हवीच कशाला, असे सरळ विचारता येते. भाचीला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बॅटरीची बस कुठेही वळते, तिला खांब नको, तार नको, शहराचे आभाळ मोकळे राहते.

मामा : आणि चार्जिंगला उभी राहते ते? आमची गाडी दिवसभर चालायची, कुठे उभी राहायची नाही.

भाची : दांडा सुटला की राहायची.

मामा : तो मिनिटभर! तुझी तासभर.

बॅटरीचे वजन मोठे असते, आणि मोठ्या बसला दिवसभर पुरेल एवढी बॅटरी घातली की तेवढे प्रवासी कमी नेता येतात. तारेच्या गाडीला हे ओझे नाही. म्हणून युरोपातल्या काही शहरांनी मधला रस्ता काढला आहे: वर्दळीच्या मुख्य रस्त्यावर तार, आणि तार नसलेल्या भागासाठी लहान बॅटरी. तारेखालून जाताना ती बॅटरी चालता चालताच भरते. दांडे आपोआप उतरतात आणि नेमून दिलेल्या थांब्यावर पुन्हा तारेला लागतात. कंडक्टरला मागे धावावे लागत नाही. वीज कोठून येते हा प्रश्न दोन्हींना सारखाच लागू. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळत असेल तर तार असो वा बॅटरी, शहरातला धूर शहराबाहेर गेला एवढेच झाले. अर्थात शाळेपुढच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या दृष्टीने तेवढेही कमी नाही.

नाशिकच्या योजनेतही हीच मिश्र रचना धरलेली आहे. मुख्य मार्ग तारेचे. त्यांना जोडणारे दोन पूरक मार्ग बिनतारेचे, एक सातपूर-गरवारे-मुंबई नाका बाजूचा आणि दुसरा नांदूर नाका-नाशिकरोड बाजूचा. पूरक मार्गांवर गाडी साध्या रस्त्यावरून बॅटरीवर जाणार आणि मुख्य मार्गावर परतली की तारेतून बॅटरी भरून घेणार.

मामांना योजनेतला हाच भाग सर्वांत आवडला. रस्त्यावरची गाडी, फुटपाथवरून चढता येणारी, आवाज न करणारी. तेवढे तरी आधी सुरू करा, असे त्यांचे म्हणणे.

भाची : ते आधी सुरू होऊ शकत नाही, मामा. बॅटरी लहान ठेवली आहे ती वर तार असणार म्हणून. मुख्य मार्ग नसेल तर ती भरणार कुठे?

मामा : मग मुख्य मार्गाची तार आधी रस्त्यावर लावा. खांब नंतर बांधा.

भाची : सातपूर ते सीबीएस या टप्प्यात रस्त्याची रुंदी बसेल. सीबीएस ते द्वारका बसणार नाही. तिथे वर चढावंच लागेल.

रस्त्यावरचा टप्पा कुठे संपवायचा आणि खांबावरचा कुठे सुरू करायचा, याबद्दल दोघांचे एकमत झाले नाही. सारडा सर्कलच्या अलीकडे, असे मामा म्हणतात. सीबीएसआधीच्या मायको सर्कललाच, असे भाची.